बंदूक कुठल्या खान्यात बसते? परवाना, बोअर आणि वर्गवारीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी रेंजवर मुलांना एअर रायफल शिकवताना पालक बाकावर बसलेले असतात, आणि तासाभरात कुणीतरी हळूच विचारतंच: "सर, आमच्या गावाकडे एक जुनी बंदूक आहे हो..." पुण्यात गेली वीस-बावीस वर्षं माझ्याकडे आजोबांकडून आलेल्या दुनळीचा परवाना आहे. त्या निमित्तानं अर्ज, हेलपाटे, दुरुस्त्या सगळं करून झालंय. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. मी वकील नाही. तुमच्यावर गुन्हा दाखल झाला असेल तर हे वाचत बसू नका, वकील गाठा.

परवान्यावर 'एनपीबी' लिहिलंय. म्हणजे काय?

नॉन प्रोहिबिटेड बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचं माप). म्हणजे सर्वसामान्य नागरिकाला परवान्यावर मिळू शकणारं हत्यार. उलट 'पीबी' म्हणजे प्रोहिबिटेड बोअर. कार्यालयात, दुकानात, क्लबात सगळे हेच दोन शब्द वापरतात. गंमत अशी की शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये 'प्रतिबंधित शस्त्रं' आहेत, 'प्रतिबंधित बोअर' नाही. कायद्याची व्याख्या बोअरबद्दल बोलतच नाही. ती विचारते, चाप दाबून धरला तर गोळ्या सुटतच राहतात का? चाप सोडेपर्यंत किंवा मॅगझिन (गोळ्यांचा डबा) रिकामं होईपर्यंत मारा चालू राहत असेल तर ते हत्यार प्रतिबंधित. विषारी किंवा अपायकारक द्रव, वायू सोडणारं हत्यार प्रतिबंधित. तोफा, विमानविरोधी आणि रणगाडाविरोधी शस्त्रंही त्यातच, शिवाय केंद्र सरकार अधिसूचनेनं ठरवेल ती.

बोअरचा मुद्दा येतो तो नियमांच्या पहिल्या अनुसूचीत. आधी १९६२ चे नियम होते, आता शस्त्र नियम, २०१६ लागू आहेत. त्यात शस्त्रांचे सहा वर्ग पाडलेत. तुमच्या-आमच्या उपयोगाचे मुख्यतः तीन: पहिला (प्रतिबंधित आणि कडक निर्बंधातली हत्यारं), तिसरा (परवान्यावर मिळणारी नेहमीची बंदूक, रायफल, रिव्हॉल्व्हर, पिस्तूल) आणि पाचवा (तलवार, खंजीर, भाले वगैरे). दुसरा वर्ग शस्त्रं बनवायच्या यंत्रांचा, चौथा जुन्या ऐतिहासिक वस्तूंचा, सहावा दारूगोळ्याचा.

बंदूक, रायफल, पिस्तूल, रिव्हॉल्व्हर: कागदावर यातला फरक खरंच महत्त्वाचा आहे का?

माझ्या दुनळीची गोष्ट सांगतो. एका नूतनीकरणात परवान्याच्या नव्या पुस्तिकेवर कारकुनानं लिहिलं, '१२ बोअर रायफल'. मी घरी येईपर्यंत पाहिलंच नाही. काडतुसं घ्यायला गेलो तेव्हा दुकानदारानं पुस्तिका परत सरकवली. "हे दुरुस्त करून आणा, मी असलं काही रजिस्टरला चढवणार नाही." एका शब्दासाठी सात महिने गेले. शेवटी साहेबांनी बंदूक घेऊन या म्हणून सांगितलं. टेबलावर ती मोडून (आमच्याकडे नळी खाली पाडून उघडण्याला मोडणं म्हणतात) रिकामी असल्याची दोघांनी खात्री केली, आणि मी त्यांना नळीतून ट्यूबलाइटकडे बघायला सांगितलं. आतून आरशासारखी गुळगुळीत, नुसती प्रकाशाची वर्तुळं. मग त्यांनीच शेजारी जमा असलेली एक .३१५ रायफल मागवली. तिच्यात बघितलं तर नळीभर स्क्रूच्या आट्यांसारखे पीळ फिरत गेलेले. "अच्छा, हे होय!" म्हणाले, आणि सही केली.

तर फरक हा. नळीत पीळ असले की रायफल. गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि लांबवर सरळ जाते. नळी गुळगुळीत असली की नियमांच्या भाषेत 'स्मूथ बोअर', आपली साधी बंदूक, जिच्यातून बहुधा छऱ्यांचा झुपका सुटतो. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल ही दोन्ही हातात धरायची, पीळ दोन्हींत असतात. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या फिरत्या चक्रीत बसतात, पिस्तुलात मुठीतल्या मॅगझिनमध्ये. बातम्यांत मात्र सगळंच 'पिस्तूल' असतं, अगदी एकावेळी एकच गोळी घेणारा कट्टासुद्धा.

बारा बोअर म्हणजे बारा काय?

इंच नाही, मिलिमीटर नाही. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या ओतल्या तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम, म्हणजे गोळी साधारण ३७.८ ग्रॅमची आणि नळीचा व्यास साधारण १८.५ मिलिमीटर. त्यामुळे आकडा वाढला की नळी बारीक होते. वीस बोअर ही बारापेक्षा लहान. पण .४१० ची बंदूक आली की हा हिशोब सोडायचा, तो थेट इंचातला व्यास. रायफल-पिस्तुलाचे आकडेही इंचातले: .२२ म्हणजे साधारण ५.६ मिलिमीटर, .१७७ म्हणजे ४.५.

तेही काटेकोर नसतात. .३२ च्या गोळीला मायक्रोमीटर लावलात तर .३१२ च्या आसपास भरते. नाव हे नाव असतं.

.३२ चं रिव्हॉल्व्हर मिळतं, ९ एमएम पिस्तूल का मिळत नाही? फरक तर दीड मिलिमीटरचाही नाही.

ताकदीचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे, तुमच्या हत्यारात लष्कराची-पोलिसांची गोळी बसते का? .३०३ किंवा ७.६२ एमएमच्या आणि ती सरकारी काडतुसं घेऊन उडवू शकतील अशा रायफली, तसंच सरकारी ९ एमएम, .३८० किंवा .४५५ ची काडतुसं घेणारी पिस्तुलं, रिव्हॉल्व्हरं, कार्बाइनी (आखूड रायफली) अनुसूचीच्या पहिल्या वर्गात टाकल्या आहेत. सरकारी भांडारातून फुटलेला दारूगोळा खासगी हत्यारात चालू नये, हा त्यामागचा विचार. तो इंग्रजांच्या काळापासून चालत आलाय.

.३१५ रायफल हे त्याचंच अपत्य. आपल्याकडे गावोगाव दिसणारी ती आठ एमएमची इशापूर फॅक्टरीची रायफल. ती .३०३ पेक्षा किंचित जाडच गोळी मारते, पण .३०३ चं काडतूस तिच्यात चालत नाही, म्हणून ती तिसऱ्या वर्गात. बघणाऱ्याला दोन्ही रायफली भावंडं वाटतील.

पुण्यात बसून हा मुद्दा समजणं तसं सोपं आहे. खडकीची अॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ पासून काडतुसं बनवतेय. माझ्या बारा बोअरच्या काडतुसाच्या पितळी बुडावर 'केएफ' उमटवलेलं असतं, ते किरकी फॅक्टरीचं, म्हणजे आपल्या खडकीचं. एकाच कारखान्यातून फौजेची गोळी निघते आणि माझं छऱ्यांचं काडतूसही. कुठली कुणाच्या नळीत जाईल, एवढ्यावर वर्गवारीची अर्धी इमारत उभी आहे.

मग बातमीत '७.६५ एमएम पिस्तूल जप्त' असं येतं ते वेगळं असतं का?

नाही, ते पिस्तुलाचं .३२ च. इंचातलं नाव .३२, मिलिमीटरमधलं ७.६५. मात्र एक खाच लक्षात ठेवा. .३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस आणि .३२ पिस्तुलाचं काडतूस या दोन वेगळ्या वस्तू आहेत. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला बुडाशी ठसठशीत कड असते आणि ते लांबही असतं. दुकानात नुसतं 'बत्तीस बोअर द्या' म्हणू नका.

सेमी-ऑटोमॅटिक चालतं का?

पिस्तूल असेल तर हो. चाप एकदा दाबला की एक गोळी, पुढची आपोआप चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, गोळी बसायच्या खाचेत), पण सुटण्यासाठी चाप पुन्हा दाबावा लागतो. परवान्यावर मिळणारी पिस्तुलं अशीच असतात. लांब हत्याराला हीच यंत्रणा असेल तर ते पहिल्या वर्गात गेलं, मग बोअर कुठलाही असो. त्याचा अर्ज जिल्ह्यात निकाली निघत नाही, केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. दाबून धरल्यावर धडाधड सुटणारं, ते पूर्ण स्वयंचलित, ते प्रतिबंधित. पाषाणच्या एआरडीई या सरकारी शस्त्रसंशोधन संस्थेनं लष्कराच्या महूच्या इन्फन्ट्री स्कूलबरोबर 'अस्मी' हे ९ एमएमचं मशीन पिस्तूल विकसित केलंय. नावात पिस्तूल आहे म्हणून त्याचा परवाना मागायला जाऊ नका. एकानं मला खरंच विचारलं होतं.

एअर गनला परवाना लागतो का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि पॅरिस २०२४ नंतर तर विचारूच नका. स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ आणलं. तो मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, पण सराव इथे आपल्या म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडा संकुलात. बातमीनंतरच्या आठवड्यात माझ्याकडे चौकशीचे इतके फोन आले की मी मोबाइल बायकोकडे दिला. बहुतेक पालकांचा समज असा की मुलाला थेट स्वप्नीलची रायफल घ्यायची. त्याचा प्रकार .२२ चा, म्हणजे खरं काडतूस, खरा परवाना. मुलं सुरुवात करतात ती १० मीटर एअर रायफलवर, तिला ४.५ एमएमचा शिशाचा छरा.

२०१६ च्या नियमांनुसार सीमा अशी: बोअर .१७७ (४.५ एमएम) पर्यंत आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल तर परवाना नको. दोन्ही अटी एकत्र पाळल्या पाहिजेत. .२२ ची एअर रायफल कमी ताकदीची असली तरी बोअर ओलांडल्यामुळे परवान्यात येते. .१७७ ची पण जोरदार असेल तर ज्यूलमुळे येते.

ज्यूल मोजायचे कसे, तर दहावीचं विज्ञान: वस्तुमानाचं अर्ध गुणिले वेगाचा वर्ग. अर्ध्या ग्रॅमचा छरा सेकंदाला १८० मीटर वेगानं सुटला तर साधारण ८ ज्यूल. स्पर्धेतल्या रायफली याच्याच आसपास असतात. तोच छरा २० ज्यूलपर्यंत न्यायला वेग २८० मीटरच्या पुढे लागतो. खोक्यावर नुसता फुटांतला मोठा वेग छापलेली एअर गन दिसली तर छऱ्याचं वजन विचारा आणि गुणाकार करा. दुकानदार ओळखपत्राची प्रत मागेल, द्या आणि बिल जपून ठेवा. आणि परवाना नको म्हणजे गच्चीवरून कबुतरं टिपायची मुभा नव्हे. आमच्या सोसायटीत एकानं ते केलं, छरा समोरच्या इमारतीची काच फोडून देवघरात गेला.

वाड्याच्या माळ्यावर ठासणीची बंदूक सापडली. गंजलीय. शो-पीस म्हणून भिंतीला लावू?

थांबा. कायद्याच्या कलम ४५ मध्ये सूट आहे ती जुन्या घाटणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या हत्याराला, पण अट महत्त्वाची: दुरुस्ती केली तरीही किंवा न करताही ते बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तरच. हा 'दुरुस्ती करूनही' शब्द कळीचा आहे. ठासणीच्या बंदुकीत बिघडण्यासारखं असतंच काय? नळी, घोडा, कान. गावातला हुशार लोहार ती आठवड्यात चालू करून देईल. म्हणजे ती तिसऱ्या वर्गातली, परवाना लागणारी बंदूकच. तोड्याची, जामगीवर (पेटत्या वातीवर) चालणारी पेशवाईतली वगैरे असेल तर चौथ्या वर्गाचा विचार होऊ शकतो, पण ते तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही. लेखी अर्ज करून जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा, पोच घ्या. माळ्यावरून काढून थेट रिक्षात टाकून नेऊ नका. आधी फोन करा.

आजोबा वारले. त्यांच्या नावावरची बारा बोअर घरात आहे. आता?

परवाना माणसाचा असतो, बंदुकीचा नाही. माणूस गेला की घरातल्या इतरांचा ताबा कायदेशीर राहत नाही, म्हणून ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची (कलम २१) आणि वारसानं आपल्या नावानं अर्ज करायचा. बाकीच्या वारसांचं ना हरकत पत्र जोडावं लागतं. भाऊबंदकी असेल तर इथेच गाडं अडतं. खरं तर मरणाची वाट बघायची गरज नाही. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, तर हयातीतच वारसाकडे देण्याची सोय २०१६ च्या नियमांत आहे. माझ्या आजोबांच्या वेळी ही सोय असती तर दुनळी चौदा महिने पोलीस ठाण्याच्या मालखान्यात ओल खात पडली नसती.

एकाकडे किती हत्यारं?

दोन. आधी तीन होती, २०१९ च्या दुरुस्तीनं दोन केली, आणि वारसाहक्कानं आलेली त्यातच धरतात. त्याच दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली. नेमबाजांसाठी वेगळी सवलत आहे. वय किमान २१. नेमबाजीचा सराव करणाऱ्या मुलांना बारा वर्षांनंतर नियमांच्या चौकटीत सूट.

पुण्यात अर्ज कुठे करायचा?

तुम्ही कुठे राहता त्यावर आहे, आणि इथे लोक हमखास चुकतात. पुणे शहर आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर पुणे पोलीस आयुक्त. पिंपरी-चिंचवड आयुक्तालय २०१८ मध्ये वेगळं झालं, तिकडच्यांचा अर्ज तिकडे. बाकी जिल्हा, म्हणजे भोर, जुन्नर, बारामती वगैरे, जिल्हाधिकारी. पत्त्यात 'पुणे' लिहिलंय म्हणून शहर धरू नका, आपलं पोलीस ठाणं कुणाच्या अखत्यारीत आहे ते बघा. लोणी काळभोर पूर्वी ग्रामीणला होतं, आता शहराला आहे. अर्ज नमुना ए-१, सोबत वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, आणि धोका किंवा गरज नेमकी काय ते. प्रत्येक परवानाधारकाला राष्ट्रीय माहितीसाठ्यातला एक युनिक नंबर मिळतो, तो नसलेला जुना परवाना ग्राह्य धरत नाहीत.

कोयता शस्त्र आहे का?

उसाच्या फडात नाही, रात्री अकराला दुचाकीवर आहे. हे विनोदानं म्हणत नाही. कायद्यातून निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या आहेत. पाचव्या वर्गात येतात ती नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं, पण तिथेही घरगुती, शेतीची, शास्त्रीय आणि औद्योगिक अवजारं सोडून. म्हणजे स्वयंपाकघरातली दहा इंची सुरी गुन्हा नाही. कोयत्याचं पातं सरळ मापात बसतं, वाचवतो त्याला त्याचा हेतू. पुण्यातल्या कोयता टोळ्यांच्या काळात पोलिसांनी विक्रेत्यांना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड नोंदवायला सांगितलं, ते याच फटीमुळे. बातमीत 'आर्म अॅक्ट ४ (२५)' दिसलं की धारदार हत्यार समजा, '३ (२५)' दिसलं की गोळीचं. सोबत बहुतेकदा महाराष्ट्र पोलीस कायद्याचं ३७ (१) आणि १३५ असतं. तो जमावबंदीसारखा हत्यारबंदीचा आदेश, त्यात काठीसुद्धा येते.

तलवारीला शेतीची सबब नाही. मिरवणुकीपुरती, वाढदिवसाच्या केकपुरती, ऑनलाइन मागवलेली, सगळ्या त्याच वर्गात. केक कापतानाचा फोटो स्वतःच टाकून अडकलेले कमी नाहीत.

गावठी कट्टा कुठल्या वर्गात?

ओबडधोबड आहे म्हणून सूट नाही. स्फोटकाच्या किंवा इतर ऊर्जेच्या जोरावर काहीही फेकणारं, ते अग्निशस्त्र. चालू स्थितीत आहे की नाही हे गणेशखिंडीच्या न्यायसहायक प्रयोगशाळेचा अहवाल सांगतो, आणि खटल्याला आधी मंजुरी लागते. विनापरवाना बाळगल्याची शिक्षा २०१९ नंतर दोन ते पाच वर्षं. हत्यार प्रतिबंधित ठरलं तर सात ते चौदा. खाना बदलला की शिक्षा कुठल्या कुठे जाते.

लोहगाव विमानतळावर बॅगेत एक काडतूस निघालं. माझं नव्हतं...

दारूगोळ्यालाही परवाना लागतो, एका काडतुसालासुद्धा. मात्र ताबा जाणीवपूर्वक असला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयानं संजय दत्त प्रकरणात १९९४ मध्ये स्पष्ट केलंय. ते कोर्टात कामाला येतं, सुरक्षा तपासणीच्या रांगेत नाही, विमान जातंच. परवानाधारकांनी शिकारी जाकीट, जुन्या बॅगा, गाडीचा कप्पा प्रवासाआधी झटकून बघावा.

नळी आखूड करून घेतली तर?

कलम ६: परवान्याशिवाय नळी कापणं हाच गुन्हा. शिवाय गुळगुळीत नळी वीस इंचांच्या खाली गेली की बंदूक तिसऱ्या वर्गातून पहिल्यात. सायलेन्सरचं तर कायदा स्वतंत्रपणे अग्निशस्त्रातच नाव घेतो, नुसता बाळगला तरी.

रानडुकरं पीक ठेवत नाहीत. शेतीसाठी परवाना मिळतो ना?

मिळतो, पण तो बंदूक बाळगण्याचा. डुक्कर मारायची परवानगी वन विभागाची, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली, वेगळी. दोन्ही कागद वेगवेगळ्या फायलीत ठेवा.

वरातीत हवेत एक बार काढला तर काय बिघडतं?

परवाना असला तरी गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवाना रद्द होऊ शकतो तो वेगळाच.

निवडणूक आली की सगळ्यांना बंदूक जमा करावी लागते?

छाननी समिती ठरवते, सरसकट नाही. नोटीस आली तर वेळेत जमा करा आणि पावतीवर बोअर, बनवणारी कंपनी आणि नंबर स्वतः वाचून घ्या. परत घेताना नळी मोडून ट्यूबलाइटकडे बघा. मागच्या खेपेला माझ्या डाव्या नळीत कोळ्यानं घर केलं होतं.